करमळीच्या तळ्यावर ठिपकेदार गरुड शोधताना

गोव्यात गरुड बघायचा म्हटलं की लोक सत्तरीची वाट धरतात, नाहीतर मोलेची. त्यात काही चूक नाही. काळा गरुड, तुरेवाला सर्पगरुड, तांबूस पोटाचा गरुड ही सगळी रानातली मंडळी, आणि ती इथे बाराही महिने असतात. पण हिवाळ्यात गोव्यात एक गरुड असा येतो की त्याला डोंगर नको, चिखल हवा. तळ्यातली बदकं, वारकरी नावाचे काळे पाणपक्षी, शेतातले बेडूक, उंदीर, मेलेला मासा, जे मिळेल ते त्याला चालतं. फक्त आजूबाजूला पाणी पाहिजे. मोठा ठिपकेदार गरुड. पूर्व युरोपपासून सैबेरिया ओलांडून पार अतिपूर्वेपर्यंत, दलदलीच्या कडेला असलेल्या जंगलांत तो घरटं करतो आणि तिकडे पाणी गोठायच्या आत दक्षिणेला निघतो. जगभरात याचे प्रौढ पक्षी १०,००० सुद्धा उरलेले नाहीत. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे, आणि मुख्य कारण तेच जुनं: दलदली उपसून तिथे शेती आणि वस्ती केली गेली.

त्यातले थोडे गोव्याच्या तळ्यांवर आणि खाजनांवर, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांवर, थंडी काढतात, हे मला बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. मला तो नीट बघायचा होता. उंच आभाळात एक काळा आकार गेला, कोणीतरी नाव सांगितलं आणि आपण वहीत लिहून घेतलं, असं नाही. हा तोच, दुसरा कुठला नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी ठरवता यावं, इतक्या खात्रीनं बघायचा होता.

हे बोलायला सोपं आहे. पक्षी बघणाऱ्या कोणालाही विचारा, तपकिरी गरुड म्हणजे भल्याभल्यांची परीक्षा. हिवाळ्यात आपल्याकडे मोठा ठिपकेदार असतो, भारतीय ठिपकेदार असतो, गवताळ प्रदेशातला स्टेपी गरुड कधीमधी येतो, शाही गरुडाच्याही नोंदी होतात. लांबून सगळे गडद, सगळे रुंद पंखांचे. त्यात वयाप्रमाणे पिसारा बदलतो. गंमत म्हणजे ज्या ठिपक्यांवरून याला नाव मिळालं ते फक्त लहान वयाच्या पक्ष्यालाच असतात. प्रौढ झाला की तो एकसारखा गडद तपकिरी होतो आणि अंगावर ठिपका औषधालाही राहत नाही.

माझा भाचा कॉलेजात जीवशास्त्र शिकतो आणि सुट्टीला फोंड्याला आमच्याकडे येतो. तयारी आम्ही दोघांनी मिळून केली. तो फोटो उघडून समोर धरायचा आणि विचारायचा, “मावशी, हा कोण? आणि कशावरून?” यातला दुसरा प्रश्न महत्त्वाचा. नाकपुडी बघायची: ठिपकेदार गरुडांची गोल असते, स्टेपी आणि शाही गरुडांची चिरेसारखी लांबट. मग जबड्याची पिवळी रेघ: मोठ्या ठिपकेदारात ती डोळ्याच्या मध्यापर्यंत येऊन थांबते, भारतीय ठिपकेदारात आणि स्टेपीत मागे डोळ्याच्या शेवटापर्यंत जाते. उडताना पंखाच्या खालच्या बाजूला पुढची पिसं मागच्या उड्डाणपिसांपेक्षा गडद दिसतात, आणि बोटांसारखी सुटी होणारी टोकाची पिसं जिथे सुरू होतात तिथे एक फिकट कोर दिसते. तरंगताना पंख सपाट किंवा टोकाकडे किंचित खाली झुकलेले. ही शेवटची खूण लांबूनही ओळखू येते, म्हणून सगळ्यात जास्त उपयोगी ती.

आता जायचं कुठे? हडफडे-बागाच्या भातशेतात हा गरुड पूर्वीपासून दिसत आलाय, पण तिथे आता वाहनांची आणि बांधकामाची गर्दी इतकी की शांतपणे उभं राहायला जागा शोधावी लागते. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात खारफुटी दाट, होडीतून फिरताना आभाळाचा पट्टाच दिसतो. आम्ही करमळीचं तळं निवडलं. फोंड्याहून म्हार्दोळ, भोम, बाणस्तारीचा पूल, खोर्ली असं करत पहाटे अंधारात निघालं की उजाडताना पोहोचता येतं. एका बाजूने कोकण रेल्वे जाते, करमळी स्टेशन अगदी जवळ. पर्यटक जुन्या गोव्याच्या चर्च बघून तसेच पुढे जातात. इतक्या जवळ एवढं मोठं तळं आहे हे अनेकांच्या गावीही नसतं.

या तळ्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण गरुडाची सगळी गोष्ट त्या पाण्यावर उभी आहे. गोव्यातली अशी तळी आपोआप झालेली नाहीत. गावकऱ्यांनी बांध घालून पावसाचं पाणी अडवलं, त्याला मानशी, म्हणजे पाणी सोडायची दारं, बसवल्या, आणि हिवाळ्यात ते पाणी हिशेबाने खाली सोडून वायंगणाचं, म्हणजे हिवाळी हंगामाचं, भात घेतलं. गावकारी ही गावाची सामाईक संस्था, पुढे जिला कोमुनिदाद म्हणू लागले, तिचा हा कारभार पोर्तुगीज यायच्या आधीपासूनचा. कुडचड्याचं नंदा तळंही असंच माणसाने सांभाळलेलं; २०२२ मध्ये ते गोव्याचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. करमळीच्या तळ्यात पावसाळ्यात देवभात उगवतं. ते रानटी भात आहे, कोणी पेरत नाही. त्या दिवसांत तळं हिरव्या कुरणासारखं दिसतं. पाऊस सरला की हे भात वाळून बसतं, पाणी मोकळं होतं, आणि उत्तरेची बदकं उतरायला लागतात. (याच करमळीतला ब्रह्मदेव सोळाव्या शतकात लोकांनी सत्तरीत नेला. आज ते गाव ब्रह्मकरमळी म्हणून ओळखलं जातं. वाळपईकडे जाणारे तिथे थांबतात, पण मूळ करमळी कुठली हे फार जणांना ठाऊक नसतं.)

सुरुवातीच्या सकाळी गरुड दिसला नाही. पण त्या सकाळी फुकट गेल्या असं मी म्हणणार नाही, कारण पुढे जे समजलं ते त्यांच्यामुळेच. अडईचे थवे शिट्ट्या घालत यायचे. तलवार बदकं, भिवई बदकं, काणूक, मध्येच कमळपक्षी पानांवरून चालत जायचा. काठाच्या चिखलात शेकाट्या, वरच्या तारांवर वेडे राघू. घारी तर असंख्य. साधी घार, ब्राह्मणी घार, दोन्ही. कैकर यायचा आणि पाण्यात पाय सोडून मासा उचलायचा. प्रत्येक मोठ्या पक्ष्यावर दुर्बीण फिरवायची आणि तो कोण नाही हे ठरवायचं, हेच आमचं काम. दुभंगलेली शेपूट, म्हणजे घार. पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर उचललेले आणि वेतांवरून अगदी खालून सावकाश फिरतोय, म्हणजे दलदली भोवत्या. हा भोवत्या गडद असतो, मोठा असतो, आणि नवख्याला पटकन गरुडाचा भास होतो. पंखांच्या ठेवणीकडे बघितलं की शंका मिटते.

एकदा खूप उंचावर एक ठिपकेदार गरुड गेला खरा. रुंद पंख, आखूड शेपूट, टोकाची बोटं पसरलेली. पण मोठा की भारतीय हे सांगण्यासारखं काहीच दिसलं नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर अशा वेळी ‘भारतीय किंवा मोठा ठिपकेदार’ अशी जोडनोंद करायची सोय आहे, तीच आम्ही केली. भाच्याला ते आवडलं नव्हतं. मला मात्र वाटतं की पक्षीनिरीक्षणाची सगळी किंमत या प्रामाणिकपणात आहे. आपल्या नोंदीवर उद्या कोणी अभ्यास करणार. तिथे अंदाजाला खात्रीचं नाव देणं म्हणजे त्या पक्ष्यावरच अन्याय.

मग भेटले ते बांधावरचे काका. त्यांचं वायंगण तळ्याच्या खालच्या अंगाला. रोज सकाळी मानशीपाशी येऊन पाणी बघायचे. आम्ही दुर्बिणी लावून उभे असलेले बघून त्यांनी विचारलं, “कितें सोदता तुमी?” मी सांगितलं, मोठा काळा गरुड, घारीपेक्षा मोठा, थंडीत येणारा. त्यांनी आभाळाकडे पाहिलंच नाही. पाण्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, वर कशाला बघता, वारकऱ्यांकडे बघा. भोवत्या आला तर बदकं जरा उठतात आणि पुन्हा बसतात. तो मोठा आला की वारकरी उडत नाहीत, सगळे मधोमध गोळा होतात आणि बराच वेळ सुटत नाहीत.

पाण्यावरच्या पक्ष्यांना प्रत्येक शत्रूची वेगवेगळी पारख असते हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण इतकी वर्षं मी तळ्याकाठी उभी राहून गरुड आभाळात शोधत होते, आणि या माणसाने पाण्यावर नजर ठेवून तो शोधला होता. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी वाटणी केली. भाच्याने स्कोप, म्हणजे लांबचं बघायची एकनळी दुर्बीण, वारकऱ्यांवर लावायचा, मी झाडं आणि बांध बघायचे.

ज्या सकाळी तो दिसला, त्या सकाळी धुकं जरा जास्त होतं आणि सूर्य उशिरा मोकळा झाला. आम्ही उंडे (गोव्याचे गोल पाव) आणि पातळ भाजी बांधून आणली होती, ती खाऊन नुकती संपवली होती. पाण्याच्या मध्यावर वारकऱ्यांचा मोठा जमाव सुटा सुटा चरत होता. भाचा स्कोपला डोळा लावून म्हणाला, “मावशी, हे आत सरकायला लागलेत.” खरंच, काठाकडचे वारकरी पाय मारत मध्याकडे निघाले होते. उडाला एकही नाही. बघता बघता सगळे एकाला एक खेटले, आणि कडेचे पक्षी पाणी उडवायला लागले. अडईचा थवा मात्र उठला आणि शिट्ट्या घालत तळ्याभोवती फिरू लागला.

मी काठाकाठाने दुर्बीण फिरवत नेली. पलीकडे एक वठलेलं झाड होतं, रोज त्यावर पाणकावळे पंख वाळवत बसायचे. आज एकही पाणकावळा नव्हता. खालच्या जाड फांदीवर, खोडाला लागून, तो बसला होता.

पहिल्यांदा जाणवला तो काळेपणा. नंतर स्कोप स्थिर करून, भिंग वाढवून बघितलं तेव्हा पंखांवरचे ठिपके उमटले. काळ्या घोंगडीवर तांदूळ सांडावेत तसे, पण ओळीने: खांद्यापासून खाली उतरत जाणाऱ्या पांढरट थेंबांच्या रांगा, खालच्या रांगेतले थेंब मोठे, वरचे बारीक. भारतीय ठिपकेदाराच्या पिल्लाचे ठिपके बारीक आणि फिकट असतात; हे चांगले टपोरे होते. म्हणजे हा कोवळ्या वयाचा पक्षी. मागच्या उन्हाळ्यात कुठल्यातरी उत्तरेकडच्या दलदलीत घरट्यातून उतरलेला, आणि आयुष्यातला पहिला हिवाळा इथे करमळीला काढत असलेला. हे मनात आलं आणि क्षणभर मला स्कोपमधलं काही दिसेना.

“जबडा बघ,” मी भाच्याला म्हटलं. तो बराच वेळ गप्प राहिला. गरुडाने मान वळवली, चोच आमच्याकडे आडवी आली. पिवळी रेघ डोळ्याच्या खाली मध्यापर्यंत येऊन थांबली होती. नाकपुडी गोल, लांबूनही. पाय पिसांनी खालपर्यंत झाकलेले, बोटं पिवळी. एका पायाखाली काहीतरी दाबून धरलं होतं. थोड्या वेळाने त्याने ते उचललं तेव्हा समजलं, मोठा बेडूक होता.

एक कावळा आला, मग दुसरा. शेपटीकडून टोचायला लागले. गरुडाने पंख जरा फुलवले, एवढंच. कावळ्यांच्या शेजारी त्याचा आकार लक्षात आला. याचा पंखविस्तार साधारण १५५ ते १८० सेंटिमीटर भरतो हे आकडे मला पाठ होते, पण कावळ्याची झेप त्याच्या एका पंखात मावते हे बघणं वेगळं.

फोटो काढायला भाच्याला पुढे जायचं होतं. शेताच्या मेरेवरून वाकून गेलं असतं तर निम्मं अंतर तुटलं असतं. मी नको म्हटलं, आणि त्याने ऐकलं. याबाबत माझं मत पक्कं आहे. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी सकाळच्या पहिल्या खाण्यावर बसलेला असताना त्याला उठवायचं नाही. तळ्यावर मी असेही लोक बघितलेत की जे बदकं उडताना हवीत म्हणून टाळ्या वाजवतात, दगड मारतात. उठलेलं प्रत्येक बदक रात्रभर साठवलेली ताकद खर्च करतं. चांगला फोटो मिळाला नाही तर नाही मिळाला. स्कोपच्या भिंगाला मोबाइल लावून आम्ही काढले ते फोटो सुंदर नाहीत, पण ठिपक्यांच्या रांगा आणि जबड्याची रेघ त्यात स्पष्ट दिसते. नोंदीला तेवढं पुरतं.

ऊन चढलं तशी पाण्यावरची हवा थरथरायला लागली आणि स्कोपमधलं चित्र हलू लागलं. याच वेळी जमिनीवरून गरम हवा वर चढते, आणि मोठे शिकारी पक्षी तिच्यावर स्वार होतात. त्याने फांदी सोडली. पहिले काही फटकारे जड, खाली खाली जाणारे. मग रेल्वेरुळांपलीकडच्या शेतावर त्याला वर नेणारी हवा सापडली आणि तो गोल फिरत चढायला लागला. आता पंख बघता आले. सपाट, टोकं झुकलेली. खालून पुढची पिसं गडद, मागची राखाडी झाकेची, आणि टोकाच्या बोटांच्या मुळाशी ती फिकट कोर. वळताना शेपटीच्या मुळावरचा पांढुरका पट्टा चमकला. पाठ केलेली एकेक खूण समोर येत गेली आणि भाचा मोठ्याने मोजत गेला. घारींच्याही वर गेल्यावर तो दिवाडी बेटाच्या दिशेने सरकला. तळ्यावर वारकऱ्यांचा घोळका तेव्हा कुठे सैल झाला.

त्या दिवशी परत येताना भाच्याने मला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बेलारूसच्या दलदलीत घरटी करणाऱ्या १९ मोठ्या ठिपकेदार गरुडांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवलेली होती. २०२२ च्या वसंतात ते नेहमीप्रमाणे युक्रेनवरून परत निघाले तेव्हा खाली युद्ध पेटलेलं होतं. पक्ष्यांनी वाट वाकडी केली, सरासरी सुमारे ८५ किलोमीटर जास्त उडाले, आणि वाटेत थांबून खाणं-पिणं करायच्या ठरलेल्या जागा अनेकांनी सोडून दिल्या. ते गरुड वेगळे, आमच्या तळ्यावर येणाऱ्यांचा मार्ग वेगळा. पण या पक्ष्याला वाटेतला प्रत्येक पाणवठा किती लागतो हे त्यातून कळतं. करमळीचं तळंही त्यातलाच एक पाणवठा.

काकांना आम्ही नंतर मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी निरखून पाहिला. त्यांचा वेगळाच त्रास होता: जांभळ्या पाणकोंबड्या वायंगणात घुसून कोवळं भात तोडतात, आणि त्यांना हाकलायला शेजारचे लोक फटाके लावतात. हा गरुड पाणकोंबडी खातो का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मिळाली तर सोडत नाही. फटाक्यांनी तोही निघून जातो हे मी सांगितलं, आणि हेही कबूल केलं की एकट्या गरुडाच्या भरवशावर शेत राखता येणार नाही. हा प्रश्न शेतकऱ्यांच्या माथी मारून मोकळं होणं मला पटत नाही. जे पाणी राखतात त्यांच्याच भाताचं नुकसान होत असेल, तर त्याची भरपाई त्यांना वेळेवर आणि फेऱ्या न मारता मिळाली पाहिजे. शेत परवडेनासं झालं तर मानशीकडे कोण बघणार? मानस गेली की तळं भरतं किंवा कोरडं पडतं, आणि मग वारकरीही नाहीत, गरुडही नाही.

त्यानंतरही आम्ही तिथे जात राहिलो आणि तो अधूनमधून त्याच वठलेल्या झाडावर, कधी बांधावर अगदी जमिनीलगत बसलेला सापडला. कोणाला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. पुढे वायंगणाला पाणी सुटत जातं तसं तळं आटत जातं. उजाडताना पोहोचा, सूर्य पाठीशी राहील अशी जागा घ्या, बांधावरच थांबा, आणि गाडी शेताच्या वाटेत लावू नका. सकाळी तिथून लोकांना कामाला जायचं असतं. ऊन तापून हवा थरथरायला लागायच्या आत स्कोपचं काम उरकून घ्या. आणि पहिला अर्धा तास दुर्बीण वारकऱ्यांवरच ठेवा.